चिठ्ठीमागचा आकडा

“हा मागं आकडा कशाचा?” दिगंबर शेटेंनी चिठ्ठी उलटी करून विचारलं.

आंबेटाकळीच्या एसटी थांब्यासमोरच्या हॉटेलात आम्ही बसलो होतो. हॉटेल म्हणजे चार पत्रे, दोन बाकडी आणि एक स्टोव्ह. मला गावात उतरून दहा मिनिटंही झाली नव्हती, तोवर या गृहस्थांनी चहा सांगून माझी सगळी चौकशी केली होती. मी बावीस वर्षांची होते. राज्यशास्त्रात एम. ए. करत होते आणि एका अभ्यास संस्थेच्या सर्वेक्षणाचं काम मला मिळालं होतं. आठ दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, त्यामुळे या विषयातलं आपल्याला न कळणारं फारसं काही उरलेलं नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

“तो फॉर्मचा नंबर,” मी म्हणाले. “कोणत्या फॉर्मबरोबरची कोणती चिठ्ठी, ते ऑफिसला जुळवता यायला हवं. नाहीतर वय, शिक्षण आणि मत यांचा संबंध कसा लावणार?”

“म्हंजी कुणी कशावर खूण केली, ते कळतं.”

“ऑफिसला कळतं. पण नाव बाहेर जात नाही. अगदी शास्त्रीय पद्धत आहे.”

“बराबर हाय,” ते म्हणाले. “पद्धत पायजेच.” चिठ्ठी त्यांनी जपून परत केली. मला तर माणूस फार आवडला. बाईमाणसाशी बोलताना नजर खाली ठेवत होता. गावातलं सरकारमान्य देशी दारूचं दुकान त्यांचंच आहे, हे मला संध्याकाळी कळलं.

संस्थेचा अभ्यास गावकारभारावर होता. पाणी, रेशन, शाळा, ग्रामपंचायत यांबद्दल लोकांना काय वाटतं ते विचारायचं होतं. आंबेटाकळीत फक्त बायकांना विचारायचं होतं, कारण शेवटचा प्रश्न दारूच्या दुकानाचा होता. मतदारयादीत तीनशे शहाऐंशी बायका. त्यातलं दर विसावं नाव उचललं की एकोणीस नावं होत होती. नाव निघालं ती बाई घरी नसेल, तर तिच्याऐवजी जाऊ किंवा सासू चालत नाही. तीन खेपा घालायच्या, मगच सोडायचं. दारूचा प्रश्न तोंडी विचारायचा नव्हता. त्यासाठी एक चिठ्ठी होती, तिच्यावर दोन बाटल्यांची चित्रं. एक उभी, एक आडवी. बाईनं आडोशाला जाऊन एकीवर खूण करायची, घडी घालायची आणि माझ्याजवळच्या पुठ्ठ्याच्या पेटीत टाकायची.

हे खऱ्या मतदानावरूनच घेतलेलं होतं. गावातल्या बायकांनी यादीतल्या निदान चौथाई जणींच्या सह्यांनिशी अर्ज दिला की सरकारी माणसं येऊन फक्त बायकांचं मतदान घेतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. मेख अशी की आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींची मतं पडावी लागतात. जी आली नाही ती, जी लग्न होऊन परगावी गेली ती, जी मेली पण यादीतून निघाली नाही ती, अशा सगळ्या आपोआप उभ्या बाटलीकडे धरल्या जातात.

माझी राहायची सोय गयाबाई मिसाळ यांच्याकडे होती. अंगणवाडीत मदतनीस होत्या, पंचेचाळिशीच्या. मी त्यांना पहिल्या तासातच मावशी म्हणायला लागले. त्यांचा नवरा तीन वर्षांपूर्वी दुकानासमोरच्या नाल्यात पालथा पडून गेला होता. मुलगा एकोणीस वर्षांचा होता, ट्रॅक्टरवर जायचा.

“परवा घरी आला तर तोंडाला वास,” गयामावशी मला पहिल्याच रात्री जेवायला वाढताना म्हणाल्या. “काई बोलले न्हाई. बापालाबी पयल्या दिवशी काई बोलले नव्हते.”

देव्हाऱ्यामागून त्यांनी एक कागद काढला. अर्ज होता, तालुक्याच्या वकिलाकडून लिहून आणलेला, खाली सह्यांसाठी रेघा मारलेला. सगळ्या रेघा कोऱ्या होत्या.

“सोमवारी द्यायचा म्हनते. दसऱ्यानंतर अर्धं गाव कोयते घेऊन ऊस तोडाय जातंय, मंग मताला बायका कुठून आनायच्या? आन् पडलो तर? दुकान बी ऱ्हाईल आन् सह्या केल्याल्या बायकांची नावं बी कागदावर ऱ्हातील. मंग घरात मार बसंल, तवा त्यांला कोन सोडवाय जाईल?” त्यांनी माझ्या निळ्या पेटीकडे पाहिलं. “तुह्या पेटीत काय निघंल, ते मला सांगशील का?”

“नाही सांगता येणार, मावशी. नियम आहे.”

“नावं नको सांगू. आकडा सांग निस्ता.”

“आकडाही नाही.”

त्यांनी मान हलवली आणि मला आणखी एक भाकरी वाढली.

पुढचे दोन दिवस मी घरोघर हिंडले. महालक्ष्म्यांचे दिवस होते, घराघरात आवराआवर चालली होती आणि तरी बायका मला बसायला पाट देत होत्या. पार्वतीबाई नावाच्या बाईंची मुलाखत मला अजून तोंडपाठ आहे.

“ग्रामपंचायतीच्या कारभाराबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? खूप, थोड्या, की अजिबात नाही?”

“खूप.”

“पाणी कुठून आणता?”

“खालच्या हिरीवरनं. अर्धा कोस हाय.”

“आणि नळ?”

“नळ हाय की. पानी न्हाई त्याला.”

“तरी खूप समाधानी?”

“सरपंच आमच्या चुलत्याचा पोरगा हाय, बाई. लिही खूप.”

मी लिहिलं खूप. प्रशिक्षणात सांगितलं होतं, उत्तर जसं येईल तसं नोंदवायचं, आपली अक्कल मध्ये घालायची नाही. मुलाखत चालू असताना दाराशी हमखास एखादा नवरा, दीर किंवा सासरा येऊन उभा राहायचा. मी त्याला गोड बोलून लांब करायची आणि चिठ्ठीच्या वेळी बाईला आतल्या खोलीत पाठवायची. एवढी काळजी मी घेत होते. दोघीतिघींनी पेटीत टाकण्याआधी चिठ्ठी उलटून पाहिली. मला वाटलं, किती व्यवस्थित आहेत बायका.

शनिवारी दिवे लागायच्या वेळी मी पेटी उघडली. चिठ्ठ्या फॉर्मला टाचून पाकिटात घालायच्या होत्या, त्यामुळे त्या दिसणारच होत्या. अठरा चिठ्ठ्या. उभ्या तेरा, आडव्या पाच.

मी दोनदा मोजल्या. गयामावशी पुढ्यात काठवट घेऊन भाकरी थापत होत्या आणि माझ्याकडे मुद्दाम बघत नव्हत्या. सोमवारी ही बाई आपला कोरा कागद घेऊन दारोदार जाणार, सह्या गोळा करणार आणि महिन्याभरानं सगळ्या गावासमोर तोंडावर पडणार, असं मला स्वच्छ दिसत होतं. मी दोन दिवस तिचं खाल्लं होतं. मला गप्प बसवेना.

“मावशी,” मी म्हणाले, “अर्ज देऊ नका.”

त्यांचा हात थांबला. “किती?”

“अठरापैकी पाच.”

“पाच आडव्या?”

“हो.”

त्या पुन्हा थापायला लागल्या. भाकरी केव्हाच पुरेशी झाली होती, तरी थापतच राहिल्या, शेवटी ती मधोमध फाटली. ती त्यांनी गोळा करून पुन्हा पिठात मिसळली.

“मंग मीच येडी म्हनायची,” त्या म्हणाल्या. “इहिरीवर भेटल्या की समद्या म्हनत्यात, गया, कायतरी कर. आन् खूण करताना उभीवर करत्यात.” थोड्या वेळानं कागद घेऊन त्या उठल्या आणि पत्र्याच्या पेटीत साड्यांच्या खाली तो घालून आल्या. “पोरगं जाईल बघ मह्यं. बापावानीच जाईल.”

मला फार वाईट वाटलं, पण आत कुठेतरी बरंही वाटत होतं. नियम मोडला खरा, पण एका बाईला फजितीतून वाचवलं, आणि सर्वेक्षणाचा याहून चांगला उपयोग तो कोणता, असं मनाशी म्हणत मी शांत झोपले.

एकोणिसावं नाव राहिलं होतं, चंद्रकला दिगंबर शेटे. तिच्या घरी मी दोनदा जाऊन आले होते आणि दोन्ही वेळा दिगंबररावांनीच अंगणात गाठून सांगितलं होतं की ती माहेरी गेली आहे. घरात महालक्ष्म्या बसायच्या असताना घरची सून माहेरी कशी, हा प्रश्न पडायला लग्न झालेलं असावं लागतं. माझं झालं नव्हतं.

रविवारी सकाळी तिसऱ्या खेपेला गेले, तर दिगंबरराव तालुक्याला गेलेले आणि चंद्रकलाबाई दारात उभ्या. तिशीच्या असतील. नाकात नथ, अंगावर काठाचं पातळ.

“मह्यं नाव हाय म्हने तुह्या यादीत,” त्या म्हणाल्या. “ये की आत.”

आत दोन्ही महालक्ष्म्या भरजरी शालू नेसून उभ्या होत्या. वर करंज्या, पापड्या, सांजोऱ्यांचा फुलोरा टांगलेला होता. हळदकुंकवाची ताटं तयार होती, ओट्या भरायला गहू आणि खोबऱ्याच्या वाट्या रचून ठेवल्या होत्या. सतरंजी मात्र कोणीही न बसलेली दिसत होती. त्यांनी मला बसवून आधी कुंकू लावलं, हातावर प्रसाद दिला.

“बायका दुपारी येणार का?” मी विचारलं.

“दोन वरसं झाले, मह्या महालक्ष्म्या बघायला कुनी येईना.” सांगताना त्या समईची वात सारखी करत होत्या. “कुनी वाईट बोलत न्हाई. रस्त्यानं भेटल्या की हासत्यात. पर ह्या घरातलं कुंकू लावून घ्यायला कुनी येत न्हाई. कसं येतील? त्यांचं कुंकू आमच्या दुकानात बसल्यालं असतंय. गयाचं तर तिथंच पुसलं. मीबी आले नसते.”

मी फॉर्म काढला. पाणी, रेशन, शाळा, सगळं झालं. त्यांची उत्तरं नेमकी होती. ग्रामपंचायतीबद्दल “अजिबात नाही” म्हणणाऱ्या गावातल्या त्या पहिल्याच. मग मी चिठ्ठी दिली आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. त्या गेल्या नाहीत. चिठ्ठी उलटी करून पाहत राहिल्या.

“आकडा ठिवूनच टाकायची?”

“तो फॉर्मचा नंबर आहे. फक्त ऑफिससाठी.”

“आमच्या मालकानं तू आली त्या दिशी, गुरुवारीच दुकानावर सांगितलंय समद्यांला. चिठ्ठीमागं आकडा हाय, त्या बाईनं सोता मला सांगितलंय, कुनी काय केलं ते कळतंय. मानसं घरी गेली आन् बायकांना म्हनली, उभीवरच कर, न्हाई तर तुहं काई खरं न्हाई. दिवेलागणीपस्तोर घरोघर झालं व्हतं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुला ठावं न्हवतं?”

नव्हतं. हॉटेलातला तो चहा, माझं ते शास्त्रीय पद्धत म्हणणं, सगळं एकदम आठवलं. चिठ्ठी उलटून पाहणाऱ्या बायका व्यवस्थित नव्हत्या, भ्यालेल्या होत्या. आणि मी त्या भीतीची बेरीज करून तिला गावाचं मत म्हणून गयामावशींच्या पदरात घातलं होतं.

मी त्यांच्या हातून चिठ्ठी घेतली आणि आकड्याचा कोपरा फाडून टाकला. त्या आत गेल्या, घडी घालून बाहेर आल्या, पण टाकण्याआधी पेटी उचलून हलवून पाहिली.

“रिकामी हाय ही.”

“काल काढल्या सगळ्या.”

“म्हंजी माही एकलीच पडनार. आकडा फाडला काय आन् ऱ्हायला काय, तुला कळनारच की.”

खरंच होतं. पेटीत एकच चिठ्ठी असली तर ती कसली गुप्त? प्रशिक्षणात हे कोणी शिकवलं नव्हतं. “नका टाकू मग,” मी म्हणाले. “मी लिहीन, नकार दिला म्हणून. चालतं तसं.”

त्यांनी चिठ्ठी मुठीत धरली. बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली, तिचा आवाज जाईपर्यंत थांबल्या आणि मग चिठ्ठी पेटीत टाकली.

“कळू दे,” त्या म्हणाल्या. “एका तरी मानसाला कळू दे.”

गावाबाहेरच्या मारुतीच्या पाराआड जाऊन मी पेटी उघडली. खूण आडव्या बाटलीवर होती. इतकी दाबून केलेली की पेनाच्या टोकानं कागद फाटायचा राहिला होता. मला तिथे बसून रडू आलं. तिच्या घराची चूल त्या दुकानावर चालत होती, आणि तिला घरात चार बायका यायला हव्या होत्या, बाकी काही नाही. मी चिठ्ठी होती तशी घडी करून परत पेटीत टाकली.

गयामावशींना सगळं सांगितलं. चंद्रकलाबाईंचं नाव सोडून सगळं. चहाचं सांगितलं, आकड्याचं सांगितलं, माझा कालचा हिशेब कचऱ्यात टाका म्हणाले. मला वाटलं होतं, त्या चिडतील. त्या विचार करत होत्या.

“आकडा हाय, हे समद्यांला ठावं व्हतं?”

“हो.”

“म्हंजी तेरा जणी भ्याल्या. मंग त्या पाच जणींचं काय?” त्यांचा आवाज बदलला. “आकडा असून त्यांनी आडवीवर केलं. घरी मार खायाची तयारी ठिवून केलं. पाच जणी, आन् मी काल म्हनले की मीच येडी.”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दोनदा मोजूनही मी त्या पाच फक्त मोजल्या होत्या.

“कोन त्या पाच?”

“ते नाही सांगणार, मावशी.”

“नको सांगू,” त्या म्हणाल्या. “किती चिठ्ठ्या उरल्यात तुह्याकडं?”

साठेक उरल्या होत्या. आम्ही दोघींनी बसून प्रत्येकीवरचा आकडा फाडला. दुपारी तारामती काळेंच्या घरी गावातल्या बायका महालक्ष्म्यांच्या दर्शनाला जमायच्या. पुरुष त्या वेळी त्या घराकडे फिरकत नाहीत. गयामावशी विधवा, त्या एरवी अशा घरी पुढे होत नसत, त्या दिवशी झाल्या. तारामतीबाईंच्या कानात काहीतरी बोलल्या. माझी निळी पेटी मखराच्या मागे ठेवली गेली. बाई यायची, हळदकुंकू घ्यायची, चिठ्ठी आणि पेन घ्यायची आणि एकटीच मखरामागे नमस्काराला जायची. कोणी विचारलं, मागं आकडा हाय का, तर गयामावशी फाटका कोपरा दाखवायच्या.

मी दाराशी बसून मोजत होते. सेहेचाळीस बायका गेल्या.

गयामावशींनी सगळ्यांसमोर पेटी सतरंजीवर उलटी केली आणि एकेक चिठ्ठी उघडून डावी-उजवीकडे ठेवत गेल्या. डावीकडची रास वाढत गेली तशा बायका जवळ सरकत आल्या. आडव्या बेचाळीस. उभ्या पाच.

“सत्तेचाळीस झाल्या की,” तारामतीबाई म्हणाल्या. “बायका तर सेहेचाळीस व्हत्या ना?”

“माझ्या मोजण्यात चूक झाली असेल,” मी म्हणाले. मारुतीच्या पाराआड परत टाकलेली ती चिठ्ठी मी पेटीतून काढलीच नव्हती. तिचीही त्या घरात जागा होती, असं मला वाटलं होतं.

सगळ्या जणी एकमेकींकडे बघत होत्या. रोज विहिरीवर भेटणाऱ्या, एका बांधावर खुरपणाऱ्या बायका, पण जणू त्या दिवशीच ओळख होत असल्यासारख्या.

“परत्येकीला वाटत व्हतं, आपुनच एकली हाय,” गयामावशी म्हणाल्या. मग त्यांनी कमरेचा कागद काढला. पहिली सही पार्वतीबाईंनी केली, अंगठ्यानं. अर्जाला सत्त्याण्णव सह्या लागत होत्या. सोमवारी सकाळच्या गाडीला गयामावशी बसल्या तेव्हा एकशे बारा झाल्या होत्या.

आमचे पर्यवेक्षक खंडागळे सर सज्जन माणूस होते. मी त्यांच्यापासून काही लपवलं नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तुला आंबेटाकळीचं मत मोजायला पाठवलं होतं, बदलायला नाही.”

“बदललं नाही, सर. आधी चुकीचं मोजलं होतं, मग बरोबर मोजलं.”

“आणि मधल्या वेळात निकाल फोडला, नमुना सोडला, चिठ्ठ्या फाडल्या, मोहिमेत सामील झालीस.”

त्यांचं म्हणणं बरोबरच होतं, आज मी विद्यार्थ्यांना हेच शिकवते. आंबेटाकळीचे सगळे फॉर्म रद्द झाले आणि मला त्या संस्थेचं काम पुन्हा मिळालं नाही. पुढच्या फेरीपासून चिठ्ठीमागचा आकडा त्यांनी बंद केला, एवढं मात्र ऐकलं.

मतदान दसऱ्याच्या आधीच्या रविवारी शाळेत झालं. मी गेले होते, शाळेच्या कुंपणाबाहेर उभी होते. तान्ही मुलं घेऊन, म्हाताऱ्यांना धरून बायका येत होत्या. दिगंबरराव स्वतः चंद्रकलाबाईंना घेऊन आले, फाटकापर्यंत सोडून अदबीनं मागे थांबले. त्या माझ्या शेजारून गेल्या, पण पाहिलं नाही.

तीनशे शहाऐंशीचे निम्मे एकशे त्र्याण्णव. म्हणजे किमान एकशे चौऱ्याण्णव हवी होती. दोनदा मोजणी झाली. आडव्या बाटलीला एकशे चौऱ्याण्णव पडली.

गेल्या वर्षी, एकोणीस वर्षांनी, मी पुन्हा आंबेटाकळीला गेले. गयामावशी आता थकल्या आहेत. मुलगा घर धरून आहे. “पितो कदी कदी, तालुक्याला गेला की,” त्या म्हणाल्या. “पर घरी येतो.” मग हसून म्हणाल्या, “त्या एका मताचं इचारशील तर गावात पन्नास जणी हायेत. कुनालाबी इचार, म्हनती ते एक मत मह्यंच व्हतं.”

दिगंबरराव रस्त्यात भेटले आणि आग्रहानं घरी घेऊन गेले. केस पांढरे झाले होते, खतं-बियाण्यांचं दुकान चांगलं चाललं होतं. त्यांच्या मनात माझ्याबद्दल राग नव्हता. चंद्रकलाबाई ओट्यापाशी चहा गाळत होत्या.

“एका मतानं गेलं बघा मॅडम,” ते म्हणाले. “आजून डोक्यातून जात न्हाई. कोन आसंल ती?”

“पन्नास बायका म्हणतात, ते मत माझं.”

“म्हननाऱ्यांतली न्हाईच ती. जी खरी आसंल, ती कशाला बोलंल?” ते थोडे पुढे झुकले. “आमच्या घरातलं तर उभीलाच पडलं. पर तुमच्या त्या पेटीत सुरवातीलाच कळलं आसंल ना, काठावरची कोन ते. आता दुकान काई परत येत न्हाई. सांगा की.”

गाळण्याचा आवाज थांबला होता. चंद्रकलाबाईंची माझ्याकडे पाठ होती.

“मला नाही माहीत,” मी म्हणाले. लोकांना खरं उत्तर द्या म्हणत सगळं आयुष्य हिंडले. हे एक मी खोटं दिलं, आणि देताना मला जराही वाईट वाटलं नाही.

दिगंबरराव सुस्कारा टाकून दुकानाकडे गेले. चंद्रकलाबाईंनी माझ्यापुढे कप ठेवला, मग ओट्यावर आणखी आठ-दहा कप मांडायला लागल्या. त्या दिवशी बचत गटाची बैठक त्यांच्याकडे होती. थोड्या वेळानं बायका आल्या, चपला काढून थेट आत, आपल्या घरात शिरावं तशा. मी कोण ते कळल्यावर एक पन्नाशीची बाई माझ्याजवळ येऊन बसली आणि अभिमानानं म्हणाली, “ताई, त्या टायमाचं ते एक मत मह्यं व्हतं बरं का.”

चंद्रकलाबाईंनी तिच्या हातात कप दिला.

“तुहंच व्हतं, बाई,” त्या म्हणाल्या. “घे, च्या घे.”